उजव्या पायाचा अंगठा आणि पाच वेळची नमाज : प्रकल्प नोंदी

22 डिसेंबर 2024

उजव्या पायाचा अंगठा सरळ करण्याची शस्त्रक्रिया करून घेण्याचा निर्णय आज पक्का झाला, आणि विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीत मी विद्यार्थ्यांकडून जशा तारीखवार नोंदी लिहून घेते, तशाच नोंदी या कामाच्याही ठेवायच्या असे मी ठरवले आहे. उद्दिष्ट एका वाक्यात मावते: वेदनेशिवाय चालता यावे, वर्गात उभे राहता यावे आणि नमाजेतील सर्व स्थिती, विशेषतः सजदा, म्हणजे जमिनीवर माथा टेकणे, दोन्ही पायांची बोटे जमिनीवर टेकवून पुन्हा करता याव्यात.

दुखणे जुने आहे. अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलत गेला आणि त्याच्या मुळाशी आतल्या बाजूला हाड बाहेर आले. वैद्यकीय भाषेत याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. निमुळत्या चपला-बुटांमुळे हा त्रास वाढतो हे खरे असले, तरी घराण्यातून येणारी पायाची ठेवण हे त्याचे मोठे कारण असते. माझ्या आईच्या आणि आजीच्या पायांची ठेवण अशीच होती. एक्स-रेमध्ये अंगठ्याचा कल 38 अंश आहे, जो 15 अंशांच्या आत असायला हवा. पहिल्या व दुसऱ्या पाऊलहाडांमधला कोन 17 अंश आहे, जो 9 अंशांच्या आत असायला हवा. रुंद बूट, बोटांमधली सिलिकोनची पट्टी आणि बुटातील आधार हे सर्व वापरून झाले. त्यांनी दुखणे काही काळ हलके होते, पण हाड जागेवर येत नाही.

शल्यविशारदांना मी आज एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: शस्त्रक्रियेनंतर अंगठा मुळाशी वर वळेल का? सजद्यात कपाळ, दोन्ही तळहात, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे अशी सात अंगे जमिनीला टेकायची असतात, आणि पायाची बोटे वळून किबल्याकडे, म्हणजे मक्केतील काबेच्या दिशेला, तोंड करून असतात. चालताना पाऊल मागून उचलले जाते तेव्हा अंगठ्याच्या मूळ सांध्याला साधारण 40 ते 60 अंशांचे वळण पुरते; बोटे वळवून केलेल्या सजद्यात त्याहून अधिक लागते. डॉक्टरांनी हे लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि मला जमिनीवर सजदा करून दाखवायला सांगितले. एक्स-रेत सांध्यातील फट चांगली दिसत असल्याने, म्हणजे कूर्चा शाबूत असल्याने, सांधा कायमचा जोडून टाकण्याची शस्त्रक्रिया करावी लागणार नाही, हाड कापून सरकवण्याचीच करता येईल, असे त्यांनी सांगितले. सांधा जोडला असता तर वेदना गेली असती, पण वळणही गेले असते. रुग्णाला कोणती हालचाल हवी आहे हे कळल्याखेरीज शस्त्रक्रियेची निवड पूर्ण होत नाही, असे मला ठामपणे वाटते, आणि म्हणून नमाज पढणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट संकोच न करता डॉक्टरांसमोर मांडावी.

3 जानेवारी 2025

तयारीचा आठवडा. रक्ततपासणी झाली, साखर नियंत्रणात आहे, ड जीवनसत्त्व कमी निघाल्याने त्याची मात्रा सुरू केली आहे. घरातील देशी शौचकुपावर ठेवायची खुर्ची, वॉकर, न्हाणीघरात बसायला रुंद प्लास्टिकचे स्टूल आणि पाय उंच ठेवण्यासाठी दोन टणक उशा एवढे सामान आणले. पलंग अशा रीतीने फिरवून घेतला की टेकून बसले असता तोंड किबल्याकडे, म्हणजे आमच्या रत्नागिरीतून पश्चिमेच्या थोडे उत्तरेला, राहील.

दोन प्रश्नांची उत्तरे आधीच मिळवून ठेवायची होती. पहिला औषधाचा. शस्त्रक्रियेनंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही रुग्णांना एनॉक्सापरिनची इंजेक्शने देतात, आणि ते औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून तयार होते. जीव वाचवण्यासाठी दुसरा उपाय नसेल तर मनाई उठते, हे आम्हांला लहानपणापासून शिकवलेले आहे. परंतु दुसरा उपाय आहे का, हे विचारणे माझे काम होते. डॉक्टरांनी माझ्या बाबतीतील धोका तपासला, पूर्वी गुठळी झाल्याचा इतिहास नाही आणि टाचेवर भार देऊन लवकरच उठायचे आहे हे लक्षात घेतले, आणि काही दिवस तोंडाने घ्यायची गोळी पुरेशी होईल असे सांगितले. इंजेक्शनच लागले तर पूर्णपणे कृत्रिमरीत्या तयार होणारे फोंडापॅरिनक्स उपलब्ध असते, हेही त्यांनी आपणहून सांगितले.

दुसरा प्रश्न वुजूचा, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याचा. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम कुटुंबांप्रमाणे आमचे घर शाफई फिकहचे, म्हणजे सुन्नी धर्मनियमांच्या शाफई परंपरेचे, आहे. इमामसाहेबांनी सविस्तर समजावले की बँडेजखालच्या भागाला पाणी लावायचे नाही. बाकीचे अवयव नेहमीच्या क्रमाने धुवायचे, उजव्या पायाची पाळी आली की बँडेजवर सर्व बाजूंनी ओलसर हात फिरवायचा, म्हणजे मसह करायचा, आणि झाकलेल्या भागाबद्दल तयम्मुमही, म्हणजे पाण्याऐवजी स्वच्छ धुळीने करायची शुद्धीही, करायचा. वुजू टिकला असला तरी प्रत्येक फर्ज (अनिवार्य) नमाजेसाठी तयम्मुम मात्र नव्याने करावा लागतो. शक्य झाल्यास पट्टी वुजूच्या अवस्थेत बांधली जावी आणि जरुरीपेक्षा जास्त भाग झाकू नये, हेही त्यांनी सांगितले. तयम्मुमसाठी अंगणातील तांबडी जांभ्या मातीची धूळ उन्हात वाळवून, वस्त्रगाळ करून एका पसरट ताटलीत ठेवली आहे. डॉक्टरांची एकच अट आहे की ताटली शयनगृहाबाहेर राहावी आणि धुळीचे हात नंतर स्वच्छ पुसावेत. तयम्मुममध्ये हात केवळ चेहऱ्यावर आणि कोपरापर्यंतच्या हातांवर फिरतो, पायाला स्पर्शही होत नाही, हे ऐकून त्यांची शंका मिटली.

8 जानेवारी 2025

शस्त्रक्रिया सकाळी झाली. कमरेखालचा भाग बधिर केला होता. मी जागी होते आणि मनात दुरूद, म्हणजे प्रेषितांसाठीची दुआ, पढत होते. पहिले पाऊलहाड इंग्रजी झेड अक्षराच्या आकारात लांबट कापतात, खालचा तुकडा बाहेरच्या बाजूला सरकवतात आणि दोन छोट्या टायटॅनियमच्या स्क्रूंनी पुन्हा जोडतात. आमच्या खाडीवरचे होडी बांधणारे सुतार दोन फळ्या टोकांशी तिरकस कापून लांबीत जोडतात, तसाच हा सांधा असतो, आणि भार पेलण्याची त्याची ताकदही त्या लांब तिरकस मिलाफातून येते. त्याखेरीज अंगठ्याच्या हाडातून एक बारीक पाचर काढून त्याचा उरलेला कल दुरुस्त केला.

जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजेच्या, वेळी दोन्ही पाय अजून बधिर होते. परिचारिकेने पलंगाचे डोके वर केले, आणि मी मान व खांदे झुकवून इशाऱ्याने नमाज अदा केली: रुकूसाठी, म्हणजे कमरेत वाकण्याच्या स्थितीसाठी, थोडे, सजद्यासाठी त्याहून अधिक. परिचारिका ख्रिस्ती होत्या. माझी नमाज संपेपर्यंत त्यांनी सलाईन बदलण्याचे काम थांबवले आणि दार लोटून घेतले.

10 जानेवारी 2025

बधिरता उतरल्यावरची पहिली रात्र कठीण गेली. वेदना दहापैकी आठपर्यंत चढली; ठरलेल्या वेळी गोळ्या घेतल्यावर चारवर आली. वेदना वाढेपर्यंत थांबून मग औषध घेण्यापेक्षा घड्याळाप्रमाणे घेणे अधिक उपयोगी ठरते, असे डॉक्टरांनी बजावले आहे, आणि अनुभवही तसाच आहे. दर तासातला बहुतेक वेळ पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा. बँडेज जाड असल्याने बर्फाची पिशवी घोट्यावर आणि गुडघ्याच्या मागे ठेवायची. पाय खाली सोडला की काही क्षणांतच अंगठ्यात रक्त धावत आल्यासारखे ठणके सुरू होतात.

जुम्याचा दिवस असल्याने पतींनी मशिदीत माझ्यासाठी दुआ करवली. घरी मी पलंगावर, पाय उशांवर ठेवूनच, बसून नमाज पढते आहे.

17 जानेवारी 2025

आज शेजारच्या खाला भेटायला आल्या. त्या प्रेमाने आल्या होत्या, उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेले सुके बांगडे घेऊन आल्या होत्या. पण मला पलंगावर बसून असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, नमाज पढताना पाहून त्यांना वाईट वाटले. ‘‘बेटा, जमिनीवर माथा टेकत नाही तोवर मनाला तसल्ली कशी होणार,’’ असे त्या हळहळून म्हणाल्या. हे वाक्य मी दिवसभर मनात घोळवले, कारण पहिल्या आठवड्यात माझ्याही मनात हीच बोच होती, आणि या प्रकल्पाचा खरा कठीण भाग हाडात नसून इथे आहे असे मला वाटू लागले आहे.

इमरान बिन हुसैन या सहाब्यांना, म्हणजे प्रेषितांच्या सोबत्यांना, मूळव्याधीचा त्रास होता आणि त्यांनी नमाजेबद्दल विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहून, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज पढायला सांगितले. ही हदीस, म्हणजे प्रेषितांच्या वचनाची नोंद, बुखारीच्या संग्रहात आहे. तिथेच दुसऱ्या हदीसमध्ये असेही येते की माणूस आजारी पडला किंवा प्रवासात असला, तर निरोगी असताना आणि घरी असताना तो जे करत होता तेच त्याच्या नावे लिहिले जाते. म्हणजे आजाऱ्याने बसून केलेली इबादत (उपासना) ही उभ्याने केलेल्या इबादतीची कमी दर्जाची प्रत ठरत नाही. त्या अवस्थेत त्याच्याकडून तेवढीच मागितलेली आहे. सजदा करण्याचा हुकूम ज्याने दिला, त्यानेच आजाऱ्याला बसण्याची मुभा दिली, आणि ती मुभा स्वीकारणे हेही त्याच्याच आज्ञेत राहणे आहे. कापलेल्या हाडावर हट्टाने भार देऊन स्क्रू हलवून घेतला, तर त्यातून भक्ती वाढणार नाही. शरीर ही अमानत, म्हणजे सांभाळायला दिलेली ठेव, आहे आणि अमानतीची निगा राखण्याचा हिशोबही द्यायचा आहे.

खालांना मी हे संध्याकाळी फोनवर सांगितले. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या, आणि मग त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांबद्दल विचारले. गुडघे सुजलेले असताना त्या कित्येक वर्षे खुर्ची नाकारत आल्या आहेत. त्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे जावे म्हणून मी आग्रह धरला आहे.

22 जानेवारी 2025

दोन आठवड्यांनी टाके काढले. जखम कोरडी आणि स्वच्छ आहे. अंगठ्याच्या आतल्या कडेला बधिरपणा आहे. त्वचेच्या बारीक नसेला ताण बसल्याने तो येतो आणि बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. मोठे बँडेज जाऊन अंगठा सरळ धरणारी पातळ पट्टी आली. चवडा अधांतरी ठेवून टाचेवर भार घेणारा खास बूट घालून घरात चालण्याची परवानगी आहे, आणि त्यामुळे आजपासून फर्ज नमाजेतील कियाम, म्हणजे उभे राहण्याचा भाग, वॉकर शेजारी ठेवून मी उभ्याने करणार आहे. रुकू आणि सजदा खुर्चीत. जेवढे जमते तेवढे करणे आवश्यक आणि न जमणारे माफ, असा इथला नियम आहे. तो फिजिओथेरपिस्ट मॅडमना सांगितला तेव्हा त्यांच्या शास्त्रातही नेमके असेच चालते, असे त्या म्हणाल्या.

कोनमापकाने आज पहिले माप घेतले. हाताने वळवल्यावर अंगठा 20 अंशांपर्यंत वर जातो, त्यापुढे ताण आणि दहापैकी पाच वेदना. व्यायाम असा: एका हाताने पाऊलहाड घट्ट धरायचे, दुसऱ्या हाताने अंगठा टोकाशी न पकडता बुडाशी पकडून सावकाश वर न्यायचा, दहा सेकंद थांबायचे, मग खाली न्यायचा. टोकाशी पकडले तर मधलाच सांधा वाकतो आणि मूळ सांधा जागच्या जागी राहतो.

27 जानेवारी 2025

आजची रात्र शब-ए-मेराजची, म्हणजे प्रेषितांच्या स्वर्गारोहणाच्या स्मरणाची. पाच वेळची नमाज मेराजच्या प्रसंगी उम्मतीला, म्हणजे मुस्लिम समुदायाला, मिळाली, असे आम्ही मानतो, आणि योगायोग असा की मॅडमनी अंगठ्याचा व्यायामही दिवसातून पाच वेळा करायला सांगितला आहे. तेव्हापासून वेळापत्रकाचा प्रश्न उरलेला नाही. मोबाइलवर गजर लावून व्यायाम करणारे रुग्ण दोनतीन दिवसांत गजर बंद करतात, असे मॅडम सांगतात. अजान मला बंद करता येत नाही आणि बंद करावीशी वाटतही नाही. फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजेनंतर, सांधा सर्वांत आखडलेला असतो, म्हणून त्या वेळी आधी कोमट पाण्यात पाय ठेवते. जोहर आणि असरला व्यायामाचे पूर्ण आवर्तन होते. मगरीबपर्यंत, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेपर्यंत, सूज वाढलेली असते, तेव्हा हलक्या हाताने करते. इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजेनंतर, माप घेऊन वहीत लिहिते.

वुजूचा एक लाभ इथे लिहून ठेवण्यासारखा आहे. टाके निघून जखमेला पाणी लावण्याची परवानगी मिळाल्यापासून मसह आणि तयम्मुम संपले आणि पाय धुणे पुन्हा सुरू झाले. पाय धुताना करंगळी बोटांच्या फटींतून फिरवण्याची सुन्नत आहे, तिला खिलाल म्हणतात. पट्टीखाली दमट राहिलेल्या बोटांच्या बेचक्यांत त्वचा पांढुरकी होऊन सोलली जाते आणि तिथे बुरशीचा संसर्ग होतो, म्हणून जखम तपासणाऱ्या परिचारिका बेचके स्वच्छ आणि कोरडे ठेवायला सांगतात. खिलालमुळे दिवसातून अनेकदा मी बोटांच्या फटी स्वतः तपासते. त्यानंतर सुती फडक्याने टिपून कोरड्या करणे तेवढे मी त्यात जोडले आहे.

14 फेब्रुवारी 2025

काल शब-ए-बरात, म्हणजे क्षमायाचनेची रात्र, होती. रात्री जागून कुराण पढावे अशी इच्छा होती, पण पाय खाली सोडून फार वेळ बसता येत नाही. आडवे पडून जेवढे मुखोद्गत आहे तेवढे पढले. गेले काही दिवस माप 30 अंशांवर अडकले आहे. सूज संध्याकाळी टेनिसच्या बूटातही मावणार नाही एवढी होते, आणि मनही खालावलेले आहे. शाळा, चूल, बाजार सगळे दुसऱ्यांच्या हाती गेले की माणसाला आपण घरात अडगळ झालो असे वाटते, आणि हे वाटणे पायाच्या कोणत्याही शस्त्रक्रियेनंतर येऊ शकते, म्हणून नोंदीत त्याला जागा हवी.

सब्र म्हणजे तोंड मिटून सोसणे, असा समज आमच्या मोहल्ल्यातील बायकांमध्ये फार आहे. हजरत अय्यूब (अ.) यांचे नाव सब्रासाठी घेतले जाते, आणि त्यांनी तर आपली पीडा आपल्या रबसमोर शब्दांत मांडली, कुराणात ती दुआ आहे. म्हणून मी दोन्ही केले. सजद्याच्या जागी खुर्चीत झुकून दुआ मागितली, आणि आज सकाळी मॅडमना फोन करून माप अडल्याचे आणि झोप लागत नसल्याचे स्पष्ट सांगितले. त्यांनी व्यायामाआधी जखमेच्या व्रणाला तेल लावून गोलाकार चोळायला सांगितले, कारण व्रण खालच्या थराला चिकटला की सांध्याला धरून ठेवतो. सासूबाईंनी त्यासाठी घरच्या नारळाचे तेल काढून दिले.

19 फेब्रुवारी 2025

सहा आठवड्यांचा एक्स-रे. हाड जुळते आहे, स्क्रू जागेवर आहेत. अंगठ्याचा कल 11 अंश, पाऊलहाडांमधला कोन 7 अंश. खास बूट सुटला. रुंद पुढा आणि कडक तळ असलेल्या बुटात पूर्ण पाऊल टेकवून चालायचे. अंगठ्याचे वळण 38 अंश. पतींनी गाडीत बसल्या बसल्या शुक्राचा, म्हणजे आभाराचा, सजदा केला आणि मी शेजारी बसून मान झुकवली.

2 मार्च 2025

काल संध्याकाळी चंद्र दिसला आणि आज पहिला रोजा. आजाऱ्याने रोजा सोडून नंतरच्या दिवसांत भरून काढावा, ही मुभा सूरह अल-बकराच्या 184 आणि 185 व्या आयतींत स्पष्ट आहे, आणि ती घ्यावी लागली असती तर मी मनापासून घेतली असती. यंदा तशी गरज नाही. वेदनाशामक गोळ्या थांबल्या आहेत, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सहरीला घेता येते, आणि हाड जुळण्याच्या या टप्प्यावर रोजा ठेवायला डॉक्टरांची हरकत नाही. त्यांनी सांगितलेली काळजी अशी: इफ्तार ते सहरी या वेळात पुरेसे पाणी, सहरीला अंडे, दूध, मासळी किंवा डाळ यांपैकी प्रथिनांचे काहीतरी, आणि चक्कर आल्यास लगेच बसणे. पडणे हा या काळातला सर्वांत मोठा धोका आहे. सहरीला नाचणीची आंबील आणि अंडी, इफ्तारला खजूर, फळे आणि सांदण असा बेत सासूबाईंनी ठरवला आहे, तळलेले कमी.

व्यायामाची जोरकस आवर्तने आता इफ्तारनंतर. तरावीहच्या, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजेच्या, वीस रकाती (आवर्तने) मी घरीच पढते. ही नमाज ऐच्छिक असल्याने निरोगी माणसालाही ती बसून पढण्याची मुभा असते. मी काही उभ्याने आणि बहुतेक बसून पढते, मध्ये पाय उंच ठेवते. पायाची सूज दुसऱ्या सकाळपर्यंत उतरली तर कालचा भार योग्य होता आणि उतरली नाही तर जास्त होता, हे मोजमाप मॅडमनी दिले आहे. रमजानभर मी रकातींचा हिशोब त्याच मापाने ठेवणार आहे.

16 मार्च 2025

सजद्याची उभारणी सुरू झाली. या कामासाठी तयार छापील पत्रक कुठे मिळाले नाही, म्हणून मॅडमनी माझ्याकडून सजद्यात जाण्याची आणि उठण्याची प्रत्येक हालचाल करवून घेतली आणि तिचे टप्पे पाडले.

पहिल्या टप्प्यात गादीवर दुमडलेली गोधडी पसरून गुडघ्यांवर यायचे, हात समोरच्या चौरंगावर टेकायचे आणि पावले मागे सपाट, म्हणजे पावलांची वरची बाजू खाली येईल अशी ठेवायची. अंगठ्यावर काहीच भार नाही. दुसऱ्या टप्प्यात चौरंग काढून तळहात जमिनीवर. तिसऱ्या टप्प्यात उजव्या पायाच्या बोटांखाली जाड घडीचा टॉवेल ठेवून बोटे वळवायची, पण शरीराचे वजन गुडघे आणि हात यांच्यावरच राहू द्यायचे. त्यानंतर टॉवेलची एकेक घडी कमी करत न्यायची. उठताना उजव्या पायाच्या चवड्यावर जोर देऊन उठण्याची सवय असते, ती बदलून डाव्या पायावर आणि हातांवर जोर द्यायचा, कारण जाण्यापेक्षा उठताना अंगठ्याला झटका अधिक बसतो. हा मुद्दा मला विशेष मोलाचा वाटतो. घरचे लोक सजदा पाहतात, उठणे कुणी पाहत नाही.

मापही बदलले. हाताने वळवल्यावर 50 अंश मिळतात, पण गुडघ्यांवर बसून स्वतःच्या वजनाने तेवढे मिळत नाहीत, कारण पोटरीचे आणि तळव्याचे स्नायू आखडलेले आहेत. म्हणून पोटरी ताणण्याचे व्यायाम वाढवले. दुसऱ्या कुणी अंगठा धरून जोराने वर दाबू नये, यावर डॉक्टर आणि मॅडम दोघेही ठाम आहेत. ओळखीतल्या एका मालीशवाल्या बाईंनी ती तयारी दाखवली होती; मी नम्रपणे नकार दिला.

आज मगरीबला दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचून कपाळ जमिनीला टेकले. उजव्या पायाची बोटे अजून वळलेली नव्हती, तरीही सुब्हान रब्बियल आला म्हणताना माझा आवाज भरून आला आणि मी तसबीह नेहमीपेक्षा संथ पढली.

31 मार्च 2025

ईद. शीरखुर्म्याचे पातेले बसून ढवळले, पाहुण्यांना वाढण्याचे काम मुलीने केले. रमजानभर पाय सकाळी उतरत राहिला.

26 एप्रिल 2025

शाळेत रुजू झाले. वर्षअखेरच्या उत्तरपत्रिकांचे काम असल्याने उभे राहणे कमी आहे, हे सोयीचे ठरले. मुख्याध्यापकांनी वर्ग तळमजल्यावर दिला आणि मधल्या सुटीत जोहर पढण्यासाठी प्रयोगशाळेमागच्या खोलीत एक खुर्ची ठेवून दिली. चालताना दुसऱ्या बोटाच्या बुडाखाली तळव्यात दुखते. अंगठा अजून पूर्ण जोर घेत नसल्याने भार शेजारच्या हाडावर सरकतो, त्याचे हे दुखणे आहे. बुटात त्या जागेच्या किंचित मागे मऊ आधार चिकटवला, आणि पाऊल उचलताना अंगठ्याने जमीन मुद्दाम दाबण्याचा सराव सुरू केला. पायाखाली टॉवेल पसरून तो बोटांनी ओढून गोळा करण्याचा व्यायामही त्यासाठीच आहे. अंगठा आतापर्यंत निर्जीव पाहुण्यासारखा वागत असे. या आठवड्यात तो चालण्यात भाग घेऊ लागला आहे.

तिसरा टप्पा, टॉवेलच्या एका घडीपर्यंत. हाताने वळवल्यावर 58 अंश.

7 जून 2025

आज बकरी ईद. फजरला टॉवेल न ठेवता, जमिनीवर अंथरलेल्या साध्या मुसल्ल्यावर, दोन्ही पायांची बोटे वळवून सजदा केला. वेदना दहापैकी दोन, ती ताणाची होती, टोचणारी नव्हती. अखेरच्या बैठकीत शाफई पद्धतीप्रमाणे डावा पाय उजव्या बाजूला काढून उजवे पाऊल उभे ठेवतात, आणि त्या स्थितीत अंगठा सजद्यापेक्षाही जास्त वेळ वळलेला राहतो. तिथे अत्तहियात, म्हणजे बैठकीतले पठण, निम्मी झाल्यावर पाऊल आडवे करावे लागले. सजदा जमला की सगळे जमले असे गृहीत धरू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिले. बैठकीसाठी आता वेळेचे लक्ष्य ठेवले आहे आणि ते हळूहळू वाढवायचे आहे.

संध्याकाळी सूज आली, ती पाहुण्यांच्या वर्दळीमुळे अपेक्षित होती. अशा शस्त्रक्रियेनंतर सूज सहा महिने, काहींना वर्षभरही येत-जात राहते.

19 जून 2025

तपासणी झाली. कोन जागेवर, हाड पूर्ण जुळलेले, वळण 66 अंश. डाव्या पायातही कल आहे, पण दुखत नाही. दुखत नसलेल्या पायावर केवळ दिसण्यासाठी शस्त्रक्रिया करू नये, हे डॉक्टरांचे मत मला पटते, त्यामुळे डाव्या पायासाठी रुंद बूट आणि वर्षातून एकदा एक्स-रे एवढेच ठरले.

शेजारच्या खालांनी गुडघ्यांची तपासणी करून घेतली असून त्या आता रुकू आणि सजदा खुर्चीत करतात. मॅडमना सजद्याचे टप्पे इतर रुग्णांसाठी लिहून हवे आहेत. आम्ही दोघींनी मिळून मसुदा सुरू केला आहे, मराठीत आणि उर्दूत. वुजू, मसह आणि तयम्मुम यांचा भाग इमामसाहेब तपासतील, व्यायामांचा भाग मॅडम, आणि आकृत्या माझी मुलगी काढते आहे. हनफी या दुसऱ्या फिकहच्या कुटुंबांसाठी बँडेजवरील मसहचे नियम वेगळे असल्याने तो परिच्छेद स्वतंत्र ठेवायचा आहे. त्यासाठी इमामसाहेब येत्या जुम्यानंतर हनफी आलिमांना (धर्मपंडितांना) भेटणार आहेत.